झाडांची स्थळं पाहणाऱ्या शेवाळे बाई

शेवाळे बाई एखाद्याच्या शेतावर झाड पाहायला गेल्या की आधी चहा घेत नसत. झाड पाहून झाल्यावर घेत, दोन कप घेत, पोहे असले तर तेही आग्रहाची वाट न पाहता घेत. पण आधी घोटभरही नाही. "चहा पोटात गेला की वाकडं झाडही सरळ दिसायला लागतं," असं त्यांचं म्हणणं. शेतकऱ्याची बायको कप घेऊन बांधावर ताटकळत उभी आणि बाई झाडाभोवती प्रदक्षिणा घालताहेत, हे दृश्य मी इतक्या गावांत पाहिलं की शेवटी शेवटी तो चहा मीच पिऊन टाकत असे.

आमची नर्सरी दिंडोरी रस्त्यावर. फुलांची किंवा भाजीची नव्हे, लाकडाची. प्लायवूडच्या कारखान्यांना मलबार नीम नावाचं झाड लागतं. भराभर वाढतं, खोड सरळ जातं, आणि लावणाऱ्याला आपल्या हयातीतच तोड मिळते. पण बियांपासून लावलं तर एकाच रानात दहा तऱ्हा निघतात. एक बाणासारखं सरळ, दुसऱ्याला कमरेत फाटा, तिसरं नुसतं गाठीगाठींचं. म्हणून आधी एक उत्तम झाड हुडकायचं, त्याला मातृवृक्ष म्हणायचं, त्याच्या फांद्या आणून त्यांवर फुटणाऱ्या कोवळ्या धुमाऱ्यांपासून रोपं करायची. मग प्रत्येक रोप हुबेहूब आईसारखं. हे हुडकण्याचं काम बाईंचं होतं. माझं काम रोपं विकण्याचं, म्हणजे त्यांनी केलेल्या कामावर बोलण्याचं.

मंदाकिनी शेवाळे हे पूर्ण नाव. झाडांची निवड आणि पैदास या विषयात त्यांनी डॉक्टरेट केली होती, पण नावामागे डॉक्टर लावलेलं त्यांना चालत नसे. "डॉक्टर लावलं की नर्सरीतल्या बायका गुडघे दाखवायला येतात," त्या म्हणत. सुती साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, डोक्यावर उन्हाची टोपी आणि खांद्याला शबनम. ठेंगण्या होत्या. उंच झाडांच्या नादी लागलेल्या माणसानं इतकं ठेंगणं असावं याची मला मौज वाटे आणि मी ती बोलूनही दाखवत असे. त्यावर त्या म्हणत, "उंच माणसाला सगळीच झाडं बुटकी वाटतात. मला कुठलंही झाड फुकट मोठं वाटत नाही, मान मोडून बघावं लागतं."

आणि खरंच त्या मान मोडून बघत. आधी लांबून. मग जवळ जाऊन खोडाला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि डोकं मागे टाकून वर पाहायच्या. खोड कुठे झुकलंय का, कुठे पीळ आहे का, फांद्या कोणत्या कोनात फुटल्यात. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर सरळ जमिनीवर उताणं पडायच्या. इगतपुरीकडे पावसात एकदा अशा पडल्या. भातखाचराचा बांध, सगळीकडे चिखल, आणि आमच्या बाई प्लास्टिकचा कागद अंथरून आभाळाकडे बघताहेत. लावणीच्या बायका वाकल्या होत्या त्या सरळ झाल्या. एकीनं मला हळूच विचारलं, "दादा, मॅडमला फेफरं आलं का?"

झाड पाहून झालं की शेजारची झाडं पाहायची. हा त्यांचा नेम. "एकटं झाड बघून काय कळतंय? भावंडं कशी आहेत ते बघा. भावंडं सगळीच उंच असतील तर जमीन चांगली आहे. भावंडं बेताची आणि हे एकटं वर गेलंय, तर रक्तात काहीतरी आहे." या चौकशा त्या इतक्या गंभीरपणे करत की एका गावात खरोखरच घोटाळा झाला. एका म्हाताऱ्या बाईंना वाटलं, या आपल्या नातवासाठी स्थळ घेऊन आल्यात. बाई विचारत होत्या, "शेजारचं कोणाचं? वय काय असेल? आजारबिजार कधी?" आणि म्हातारी उत्तरं देत होती ती नातवाची. "आजार न्हाई, पण डावा पाय जरा आखूड हाय," असं आल्यावर बाई चमकल्या. पुढे जेव्हा जेव्हा एखादं झाड पसंत पडत नसे, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून म्हणायचो, "पाय आखूड आहे."

त्यांचं वेड फक्त नर्सरीपुरतं नव्हतं. माझ्या पुतण्याच्या लग्नात आल्या, अक्षता टाकल्या, आणि स्टेजच्या कडेला वाकून फळीवर बोटानं टकटक करू लागल्या. नवरीकडच्या मंडळींना वाटलं, काही हरवलंय. "उत्तरेकडून आलेलं प्लाय आहे," त्या मला येऊन म्हणाल्या, "एवढं लांबून. नाशिकच्या दारांना नाशिकचं लाकूड का नको?" हा त्यांचा लाडका मुद्दा. लोकांना फर्निचर लागणारच, ते कोणी थांबवू शकत नाही. मग ते शेतातून येऊ दे, डोंगरातून नको. शेतात लावलेलं प्रत्येक चांगलं झाड डोंगरातलं एक झाड उभं ठेवतं, हे त्या जेवताना, प्रवासात, कुठेही सांगत. मला ते पाठ झालं होतं आणि मी गिऱ्हाइकांना तेच सांगून विक्री करत असे.

रोपांच्या नावांबाबत मात्र त्यांच्यासारखी कडक बाई मी पाहिली नाही. प्रत्येक मातृवृक्षाच्या रोपांचं टेबल वेगळं, चिठ्ठीचा रंग वेगळा. दोन झाडांचे ट्रे एका वेळी एकाच बाईनं उचलायचे नाहीत, मग दुपारचं ऊन डोक्यावर असो. हिराबाई म्हणून पेठकडची एक जुनी बाई होती, नर्सरीत सगळ्यांत सफाईदार हात तिचा. तिच्याकडून एकदा एका ट्रेवरची चिठ्ठी पडली. बाईंनी तो अख्खा ट्रे बाजूला काढायला लावला. "ताई, सारखीच तर दिसत्यात," हिराबाई म्हणाली. "म्हणूनच," बाई म्हणाल्या. "सारखी दिसतात म्हणूनच नाव लागतं." हिराबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी तिला डब्यातलं वांग्याचं भरीत दिलं आणि प्रकरण मिटलं.

चांदवडचे गंगाधर नाना आमच्याकडे पहिल्यांदा आले ते भांडायलाच आल्यासारखे. कांदा करणारा माणूस, स्वभावानं तिखट. मेळाव्यात बाई बोलत होत्या, सुधारित झाड वगैरे, तेव्हा हे मध्येच उठले. "बाई, ह्ये बीटी हाय का? त्यात काय घातलंय? उद्या रान खराब झालं तर?"

बाईंनी विचारलं, "नाना, कांद्याचं बी विकतचं आणता की घरचं?"

"घरचं. विकतच्याचा भरवसा नाय."

"मग बियाण्याला कांदा कुठला ठेवता?"

"चांगला बघून. गोल, एका रंगाचा, मान बारीक, फुलाचा डेंगळा न आलेला."

"त्यात काय घालता?"

नाना हळूच खाली बसले. बाई म्हणाल्या, "मी पण काही घालत नाही. तुम्ही कांदा निवडता तसं मी झाड निवडते. फक्त तुमच्या कांदाचाळीपेक्षा माझी चाळ फार मोठी आहे, अख्खा जिल्हा फिरावा लागतो." लोक हसले, नानाही हसले आणि त्याच दिवशी आपलं टेकडीखालचं रान झाडांना द्यायचं म्हणून नाव नोंदवून गेले.

नानांना जे झाड हवं होतं ते नामपूरचं. इथून पुढची गोष्ट त्या झाडाची आहे, आणि बाई कोण होत्या हे मला खऱ्या अर्थानं तिथेच कळलं.

नामपूर हे बाईंचं माहेर. एरवी त्यांचं बोलणं अगदी प्रमाण, पण भावाचा फोन आला की अहिराणी सुरू होई आणि आवाज एक पट्टी वर जाई. या भावानंच कळवलं की मोतीराम आबांच्या शेतात एक मलबार नीम आहे, येऊन बघ. आम्ही गेलो. बागलाणातलं कोरडं रान, आजूबाजूला त्याच वयाची झाडं खुरटलेली, आणि मध्ये हे एकटं, काठीसारखं सरळ, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. "आबा, हाई झाड तुमनं शे का?" बाईंनी विचारलं. "मन्हंच शे बेटा. काय जोयजे?" काय हवंय म्हणून आबांनी उलट विचारलं. बाई खोडाला पाठ लावून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्या चक्क गुणगुणत होत्या.

त्या झाडाची रोपं झाली. बाईंच्या पद्धतीप्रमाणे ती परीक्षेला बसली. म्हणजे काही इगतपुरीकडच्या पावसात लावली, काही चांदवडकडच्या कोरड्या रानात, काही नर्सरीच्या मागे, शेजारी इतर मातृवृक्षांची रोपं. कुठल्याही झाडाची परीक्षा पुरी झाल्याशिवाय ते विकायचं नाही, हा नियम बाईंचाच. पण नर्सरीचे मालक आप्पा उतावीळ माणूस. सुरुवातीची वाढ चांगली दिसली तेवढ्यावर त्यांनी गावोगाव फलक लावले. वर झाडाचा फोटो, खाली बाईंचा, आणि झाडाला नाव दिलं, 'मंदाकिनी'. बाईंनी एरवी नर्सरी डोक्यावर घेतली असती. त्या वेळी त्या फक्त म्हणाल्या, "फोटो बरा आला नाही." माहेरचं झाड होतं. नोंदणी सुरू झाली, शेडनेटमध्ये रोपांचे ट्रेच्या ट्रे तयार झाले, नानांनी खड्डे घेतले.

आणि लागवडीच्या तोंडावर परीक्षेतल्या झाडांची मापं आली. मंदाकिनी तिन्ही ठिकाणी साधी निघाली. मेलेली नाही, रोगट नाही, पण चारचौघींसारखी. काही तर कमरेत वाकलेली.

बाईंनी मापं पुन्हा घ्यायला लावली. मग स्वतः घेतली. मग मला म्हणाल्या, "चला, नामपूरला जायचंय." आबा शेतातच होते. बाईंनी झाडाकडे न बघता बुंध्याभोवतीची जमीन बुटानं चाचपली आणि तिथे पूर्वी काय होतं ते विचारलं, "आबा, आठे पहिले काय व्हतं?"

"आठे? आठे आमनी इहीर व्हती ना," आबा म्हणाले. त्यांच्या वडिलांच्या वेळी विहीर आटली, मग गोठ्यातलं शेण, उकिरडा, पालापाचोळा टाकून ती बुजवली, वर माती ओढली, नांगर फिरवला. गावातल्या सगळ्यांना हे माहीत होतं, म्हणून कोणी ते सांगितलं नव्हतं. बाईंच्या आईलासुद्धा माहीत होतं. झाडाच्या रक्तात काही विशेष नव्हतं. ते एका विहीरभर खतावर उभं होतं.

आबांनी चहा आणला तो बाईंनी घेतला, त्यांच्या सुनेशी बोलल्या, सगळं नीट केलं. जीपमध्ये बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "भावंडं बघितली. जमीन कोणाला विचारली नाही. माझ्या गावची होती, मला वाटलं मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या केबिनमध्ये मी होतो. बाईंनी सांगितलं, रोपं विकायची नाहीत.

"बाई, झाड वाईट आहे का?" आप्पांनी विचारलं.

"वाईट नाही. साधं आहे. आपण साधं म्हणून विकत नाही आहोत."

"लोकांना काय कळणार आहे?"

"सात वर्षांनी कळणार आहे. आप्पा, कांदा फसला तर माणूस पुढच्या हंगामात सावरतो. झाड फसलं तर त्याची सात वर्षं परत कुठून आणायची?"

आप्पा तापले. फलक, मेळावे, बाजारातलं नाव, सगळं काढलं. तुमच्या नादानं मी बुडेन असंही म्हणाले. मला वाटत होतं की आता बाईंचा राजीनामा निघणार, पण त्यांनी तो शब्दच काढला नाही. त्या म्हणाल्या, "मी नोकरी सोडणार नाही. सोडली की तुम्ही रोपं विकाल. मी फाटकात बसेन." आणि आप्पांना ठाऊक होतं, ही बाई खरंच बसेल. शेवटी ते म्हणाले, "मग त्या शेतकऱ्यांना तुम्हीच सांगा. मी तोंड दाखवणार नाही."

त्या दुपारी रोपं खताच्या खड्ड्यात घालून संपवायची होती. बायका शेडनेटमध्ये उभ्या, पण हात कोणी लावेना. हिराबाई म्हणाली, "ताई, जित्ती रोपं हायेत. माझ्याच्यानं नाय व्हायचं." बाईंनी पदर खोचला, पहिला ट्रे स्वतः उचलला आणि खड्ड्याशी नेऊन उलटा केला. मग दुसरा. त्यांच्या नावाची चिठ्ठी प्रत्येक ट्रेवर होती. चौथ्या-पाचव्या ट्रेला हिराबाई पुढे आली आणि मग सगळ्याच आल्या. मी विक्रीचा माणूस, मीही वाहिले. संध्याकाळपर्यंत शेडनेट रिकामं झालं होतं.

त्यानंतर बाई नोंदणी केलेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी गेल्या. फोन नाही, निरोप नाही. दारात जायचं आणि सांगायचं, माझी निवड चुकली, झाड देत नाही. काहींनी समजून घेतलं, काहींनी पाणीही विचारलं नाही. नाना सगळ्यांत जास्त चिडले. आम्हाला रानातच घेऊन गेले. ओळीनं खड्डे, प्रत्येकात शेणखत घातलेलं.

"आता ह्या खड्ड्यांत काय मी बसू?" नाना म्हणाले.

बाई खड्ड्याच्या कडेवर बसल्या. "बोला, काय बोलायचं ते. मी उठत नाही."

नाना बोलले. बराच वेळ, आणि ऐकवत नाही असं. त्यांचा दम संपल्यावर बाई म्हणाल्या, "यंदा कांदा घ्या. माझ्याकडे खात्रीचं झाड आलं तर पहिल्यांदा तुमच्याकडे घेऊन येईन."

"नाय आल्या तरी चालंल," नाना म्हणाले आणि आम्हाला तिथेच सोडून निघून गेले.

खात्रीचं झाड खरं तर परीक्षेत शेजारच्याच ओळीत उभं होतं. इगतपुरीजवळ घाटाच्या कडेला, कातळाच्या भेगेत वाढलेल्या एका किडकिडीत झाडाची ती रोपं. त्याच्याखाली ना माती ना पाणी धरून ठेवायला जागा, वरून वारा. ते निवडलं तेव्हा मी बाईंना म्हणालो होतो, पाय आखूड आहे. त्या म्हणाल्या होत्या, असू दे एखादं. तेच आता तिन्ही ठिकाणी पहिलं येऊ लागलं. पण बाईंनी या वेळी घाई केली नाही. आप्पांनी रोज विचारलं तरी परीक्षा पुरी होऊ दिली. त्याआधी घाटात जाऊन त्या झाडाच्या मुळाशी चार ठिकाणी पहार घालून पाहिली, गुराख्यांना विचारलं, रेल्वेतल्या जुन्या गँगमनला गाठून विचारलं. सगळीकडे कातळच निघाला. आप्पांना या झाडालाही बाईंचं नाव द्यायचं होतं. बाई म्हणाल्या, "माझ्या नावाचं एक झाड होऊन गेलंय. याला इगतपुरी म्हणा, कातळावर तेच उभं राहिलं." आणि पहिली रोपं जीपमध्ये घालून त्या चांदवडला गेल्या. नानांनी कपाळाला आठ्या घालून ती उतरवून घेतली.

नानांची झाडं तोडीला आली ती बाई निवृत्त व्हायच्या महिन्यात. सिन्नरजवळच्या एका प्लायवूडच्या कारखान्यात ओंडके आले. नानांनी हट्ट धरला की बाई आल्याशिवाय यंत्रावर लाकूड चढवायचं नाही, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. बाईंना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं, पुढे त्या नामपूरला गेल्या आणि मी पुण्याला मुलीकडे.

कारखान्यात ओंडका गोल फिरवत त्याला पातं लावतात, आणि लाकडाचा पातळ पापुद्रा ताग्यातून कापड उलगडावं तसा बाहेर येतो. लाकूड वाकडं असलं, गाठी असल्या, की तो फाटतो, तुकडे पडतात. नानांचा ओंडका चढला. पहिली काही वेटोळी साल आणि चुरा. मग पापुद्रा निघाला. अखंड, पांढरट पिवळा, रुंद. निघतच राहिला. यंत्रावरच्या माणसानं मान वर करून सोबत्याकडे पाहिलं. नाना ओल्या पापुद्र्याखाली हात धरून यंत्राबरोबर चालत होते. बाई टेबलाशी उभ्या होत्या, पापुद्रा तळहाताखालून जाऊ देत. मला माझ्या नोकरीचा कधी फारसा अभिमान वाटला नव्हता. त्या दिवशी वाटला, हे कबूल करतो.

यंत्र थांबल्यावर नाना बाईंजवळ आले. "बाई, नदीकडचं रान बी झाडांना द्यायचं म्हणतो. रोप तुम्ही सांगाल तेच."

"मी आता जातेय नाना. नर्सरीत दुसरी माणसं आहेत, चांगली आहेत. त्यांना सांगा."

"त्यांना सांगंन. पण आधी तुम्ही बघायचं. नदीकडं झाड लावू नका म्हणल्या तर नाय लावायचो." नानांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "व्हय म्हणणारे लय येत्यात दारात. बियाणंवाले, औषधवाले, सगळे व्हयच म्हणत्यात. मला नाय म्हणायला घरापर्यंत आलेल्या तुम्ही एकट्याच."

बाईंनी टोपी सारखी केली, शबनम खांद्यावर ओढली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा नानांकडे.

"रान आत्ता दाखवता?" त्यांनी विचारलं.

नानांच्या पिकअपमध्ये पुढे बसून त्या गेल्या. मी कारखान्याच्या फाटकात उभा होतो. गाडी वळताना खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. मला वाटलं माझा निरोप घेताहेत, म्हणून मीही हात वर केला. पण त्या नानांना रस्त्याकडेचं कुठलंसं झाड दाखवत होत्या, आणि नाना गाडी हळू करून त्याकडे पाहत होते.